भाचा नळ स्टॉपला 'ड्रंक अँड ड्राइव्ह'मध्ये सापडला. कबूल करून मोकळं व्हावं का?

कोथरूडचा_मामा (रविवार, दुपारी ३:१०)

मंडळी, नमस्कार. कायद्यातलं कळणाऱ्यांनी जरा मदत करा. 'आजकालची पोरं' हे प्रवचन काल रात्रीच मी स्वतः देऊन झालोय, त्यामुळे ते पुन्हा नको.

माझा सख्खा भाचा, वय २४, मूळ कराडचा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससीचा अभ्यास करतो. काल वारज्यात मित्राच्या वाढदिवसाला गेला होता. परत येताना कर्वे रोडला नळ स्टॉपच्या अलीकडे नाकाबंदी. दुचाकीवर होता. हेल्मेट डोक्यावर, लायसन्स खिशात. मशीनमध्ये फुंकायला लावलं तर आकडा आला ६१. तिथून डॉक्टरांकडे नेलं, तपासणी झाली, रक्तही घेतलं. लायसन्स ठेवून घेतलं, गाडीही चौकीतच. मला फोन आला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. जाऊन सह्या केल्या आणि त्याला घरी आणलं. कोर्टात हजर राहायची नोटीस हातात आहे.

तो शपथेवर सांगतोय, "मामा, एकच बिअर घेतली होती, तीही जेवणाआधी."

चौकीबाहेर एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "काका, पहिल्या तारखेला कबूल करायचं, दंड भरायचा, विषय संपला. माझ्याकडे सोपवा, कमीत बसवतो." ऑफिसातला एक जणही तेच म्हणतोय. पण पोरगं उद्या परीक्षा पास झालं तर पोलीस पडताळणी होणार. कबूल केलं तर हा शिक्का कायमचा बसतो का? लढण्यात अर्थ आहे का? लायसन्स किती दिवस जातं?

ताईला अजून सांगितलेलं नाही. दाजींना तर मुळीच नाही.

पेठी_माणूस (दुपारी ३:४२)

दहा हजार भरा आणि सुटा हो. याच पुण्यात १७ वर्षांचा पोरगा पोर्शखाली दोघांना चिरडतो आणि त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगतात. तुमच्या भाच्याच्या बिअरला कोण विचारतंय!

वकीलीणबाई (दुपारी ४:३०)

मामा, 'विषय संपला' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना आधी दूर ठेवा. आमच्या शिवाजीनगर कोर्टाबाहेर झेरॉक्सच्या टपरीशी असले 'कमीत बसवतो'वाले रोज उभे असतात. वकील नसतात, कोर्टाचे कर्मचारीही नसतात. ते काय 'बसवणार'? हा गुन्हा तडजोडीचाच नाही. सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, असल्या गोष्टींचं चलन भरून मिटवता येतं, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये तशी यादी दिलेली आहे. दारू पिऊन गाडी चालवणं, म्हणजे कलम १८५, त्या यादीत नाही. म्हणून तर वाहतूक पोलिसांनी तिथल्या तिथे पावती न फाडता तुम्हाला कोर्टाची नोटीस दिली.

आता कलम काय म्हणतं ते. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा पूर्ण झाला. भाचा सरळ रेषेत चालत होता, इंग्रजीत बोलत होता, कुणाला धडकला नाही, याने १८५ ला काही फरक पडत नाही. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत, किंवा १५,०००, किंवा दोन्ही. लोकांच्या डोक्यात अजून जुने दोन हजार आहेत. ते १ सप्टेंबर २०१९ पासून गेले. त्याच दुरुस्तीत आणखी एक शेपूट कापलं, ते कुणाच्या लक्षात येत नाही. आधी दुसरा गुन्हा पहिल्यापासून ३ वर्षांच्या आत झाला तरच 'दुसरा' धरायचे. आता ती मुदतच नाही. तुमचा भाचा चाळिशीत सापडला तरी सरकारी वकील आजची केस काढून दाखवू शकतात.

म्हणून कबुली ही दंडाची पावती नव्हे, मामा. न्यायाधीश विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" आपण "हो" म्हटलं की निकालपत्रात 'दोषी' असं लिहिलं जातं. मग दंड, आणि पुष्कळदा 'कोर्ट उठेपर्यंत कैद'. म्हणजे मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहायचं, शिपाई पुकारा करतो ते ऐकायचं, फोन बंद. पोरं बाहेर येऊन हसतात, "एवढंच?" पण कागदावर ती कैदच असते आणि फॉर्ममध्ये 'शिक्षा झाली आहे काय' विचारलं तर उत्तर 'होय' असतं.

कबूल करूच नका असं मी म्हणत नाहीये. कागद बघितल्याशिवाय करू नका, एवढंच. यंत्राची चिठ्ठी मिळाली का? मिळाली असेल तर आजच्या आज फोटो काढा. ती थर्मल कागदावर असते, चार-सहा महिन्यांत कोरी होते आणि मग लोक माझ्या टेबलावर पांढरी पट्टी ठेवून म्हणतात, "मॅडम, यावर सगळं होतं." त्यावरचं नाव, तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, फुंकण्याआधीचा शून्य दाखवणारा आकडा, खाली कुणाच्या सह्या, हे सगळं नीट वाचा. मग अटकेची वेळ आणि डॉक्टरांच्या तपासणीची वेळ शेजारी शेजारी मांडा. कलम २०२ प्रमाणे अटकेपासून २ तासांत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं.

लायसन्सचा प्रकार वेगळा आहे. ते कोर्टाच्या आधी आरटीओच्या हातात जातं. कलम २०६(४) खाली पोलीस ते जप्त करून संगम पुलाजवळच्या कार्यालयात पाठवतात. तिथून म्हणणं मांडायला बोलावतात, आणि पटलं नाही तर पहिल्या वेळेला ३ महिने अपात्र ठरवतात. दुसऱ्या वेळेला लायसन्स रद्दच. त्या सुनावणीला जा. निम्मे लोक जातच नाहीत आणि आदेश एकतर्फी होतो. आणि या काळात भाच्याला मित्राचीसुद्धा गाडी हातात घेऊ देऊ नका. अपात्र असताना चालवली तर कलम १८२, त्याला आणखी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही.

पेठी_माणूस, निबंधाबद्दल. १९ मे २०२४ ची कल्याणीनगरची केस बाल न्याय मंडळापुढे गेली कारण तो मुलगा अल्पवयीन होता. निबंधाची अट मलाही पचली नाही. पण 'पुढे काही झालं नाही' असं समजू नका. ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला कलम १९९अ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे. आणि प्यायलेल्या माणसाच्या गाडीखाली कुणी गेलं की १८५ ही सगळ्यात लहान काळजी उरते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले ७ मजूर गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये चालकाची ३ वर्षांची शिक्षा कायम केली, तीही सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली. आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत १०५ आहे.

शिट्टी_आता_निवृत्त (संध्याकाळी ५:१५)

वकीलताईंनी कोर्टाचं सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो. नोकरीची बरीच वर्षं वाहतूक शाखेत गेली.

भाचेसाहेबांचं 'एकच बिअर' मी आयुष्यभर ऐकलंय. पंचविशीच्या आतल्या प्रत्येकाने बिअरच घेतलेली असते, कारण महाराष्ट्रात बिअरला वय २१ लागतं आणि कडक दारूला २५. हे कायदे पोरांना बरोबर पाठ असतात.

नाकाबंदीत पोरं काय काय करतात! बडीशेप, वेलदोडा, मसाला पान, कुणी कच्चा कांदा खाऊन येतो. नळी तोंडात धरून फुंकायच्या ऐवजी हवा आत ओढतात. यंत्र लगेच 'पुन्हा' म्हणतं. दारूचा वास तोंडातला असतो, पण यंत्राला हवी असते फुप्फुसातली खोल हवा, ती रक्तातून आलेली असते. पानाने बायकोला फसवता येत नाही, यंत्राला काय फसवणार.

नळी प्रत्येकाला नवी मिळाली पाहिजे, पाकीट आपल्या समोर फोडायला सांगावं, तो तुमचा हक्क आहे. आणि फुंकायलाच नकार दिला तर सुटका होत नाही. रक्त घेता येतं, आणि विनाकारण नकार दिला ही गोष्ट कलम २०५ खाली कोर्टात विरोधात धरता येते.

मामा, गाडी कुणाच्या नावावर आहे? सोडवायला आरसी, विमा, पीयूसी लागेल, आणि मूळ मालक स्वतः किंवा त्याचं अधिकारपत्र मागतील.

कोथरूडचा_मामा (संध्याकाळी ५:३१)

गाडी दाजींच्या नावावर आहे. 🙁

शिट्टी_आता_निवृत्त (संध्याकाळी ५:३३)

मग आज रात्रीच कराडला फोन करा. चौकीतून त्यांना फोन जाण्यापेक्षा तुमचा गेलेला बरा.

लॅबवाला_चिंचवड (संध्याकाळी ६:०५)

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. भाच्याच्या बाजूने एक शब्द: तो बहुधा खरं बोलतोय. आणि म्हणूनच हा आकडा आलाय.

'एक बिअर' म्हणजे ६५० मिलिलीटरची स्ट्राँग बाटली धरली, ८ टक्क्यांची, तर तिच्यात साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल झालं. ६५ किलोच्या पुरुषाच्या दर १०० मिलिलीटर रक्तात ते ढोबळमानाने ९३ मिलिग्रॅमपर्यंत जातं. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. साडेनऊला बाटली संपवली आणि साडेअकराला नाकाबंदी असेल, तर उरतात ६३. यंत्राने ६१ दाखवले. मामा, पोरगं प्रामाणिक आहे हो.

माणसामाणसात फरक पडतो. रिकामं पोट, वजन, बाई की पुरुष, यावर आकडा हलतो. पण लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी उतरायचा वेग तसूभरही वाढत नाही.

याच हिशेबात सिंहगडवाल्यांनी स्वतःला बसवून बघावं. रात्री बारापर्यंत एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलीटर व्हिस्की, आणि पहाटे सहाला 'चला गडावर पिठलं-भाकरी खायला'. त्याच ६५ किलोच्या माणसाच्या रक्तात सहा वाजतासुद्धा ४५-५० मिलिग्रॅम असतात. झोप झालेली असते, डोकं दुखत नसतं, वास जवळजवळ गेलेला असतो, आणि गडी खडकवासल्याच्या वळणावर कायद्याने प्यायलेला असतो.

रक्ताबद्दल दोन गोष्टी वकीलताईंच्या उपयोगाच्या. सुई टोचायच्या आधी दंड स्पिरिटने पुसला का? पुसायचा नसतो, बिनअल्कोहोलच्या द्रवाने पुसतात. आणि नळीत सोडियम फ्लोराइड होतं का? ते नसेल तर नमुना पडून राहिल्यावर आत किण्वन होऊन आकडा बिघडू शकतो. भाच्याला विचारा काय आठवतंय.

वकीलीणबाई (संध्याकाळी ६:४०)

लॅबवाले, स्पिरिटचा मुद्दा मी उलटतपासात विचारते आणि डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा होतो. धन्यवाद.

पण मामांना खोटी आशा नको म्हणून स्पष्ट सांगते. यावर एक जुना निकाल सगळे नाचवतात, बच्चूभाई हसनअली करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७१. तोंडाला वास, तोल जातोय, बुबुळं मोठी, एवढ्यावर माणूस प्यायलेला ठरत नाही असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. पण तिथे रक्ताची तपासणीच झालेली नव्हती. तुमच्याकडे यंत्राचा आकडा आहे आणि रक्त न्यायसहायक प्रयोगशाळेत जाणार आहे. त्या अहवालात ३० च्या बराच वर आकडा आला आणि कागद चोख असले, तर लढायचं म्हणजे वर्ष-दोन वर्षं तारखा. एमपीएससीच्या मुलाला त्या परवडतात का, ते तुम्ही ठरवा. अहवाल यायच्या आत कबुली मात्र देऊ नका.

कोथरूडचा_मामा (रात्री ८:२०)

वकीलताईंना आणि सगळ्यांना मनापासून धन्यवाद. भाच्याला विचारलं. चिठ्ठी आहे, फोटो काढला. कापसाला 'इंजेक्शनच्या वेळचा वास' आला म्हणतोय, पण त्याच्या नाकावर मी किती विश्वास ठेवू?

खरी भीती नोकरीची आहे. त्याचा रूममेट म्हणतोय, "फॉर्ममध्ये लिहायचंच नाही, कोण शोधतंय."

वकीलीणबाई (रात्री ९:०५)

रूममेट बदला.

शासकीय निवड झाली की साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. त्यात अटक, खटला, शिक्षा हे सरळ विचारलेलं असतं. पोलीस ठाण्यात नोंद आहे, आणि ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की केस दिसते. ते बघायला पोलीस असावं लागत नाही. खासगी कंपन्यांचे पडताळणीवालेही तिथेच बघतात.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, २०१६, हा निकाल रूममेटला वाचायला द्या. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती खरी द्यायचीच. खरी दिली तरी नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची पार्श्वभूमी तपासायचा अधिकार आहे. पण किरकोळ प्रकरण असेल तर ते माफ करायचाही अधिकार आहे. माझ्या अनुभवात अधिकारी अशा एका प्रकरणाकडे डोळेझाक करायला तयार असतात. लपवलेल्या प्रकरणाकडे नाही. मग प्रश्न बिअरचा राहत नाही, खोट्या प्रतिज्ञेचा होतो, आणि ती मुलं सेवेत लागल्यावरही घरी जातात. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जातही 'कधी अटक किंवा शिक्षा झाली का' हा प्रश्न आहे, तोही पुढे कधीतरी येईल.

दोषी ठरायची वेळ आलीच, तर वकिलाला प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, १९५८ खाली अर्ज करायला सांगा. पहिलाच गुन्हा, वय २४, विद्यार्थी, अपघात नाही. कोर्ट शिक्षेऐवजी समज देऊन सोडू शकतं, आणि कलम १२ प्रमाणे दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. दारूच्या केसमध्ये न्यायाधीश हात आखडता घेतात, हे आधीच सांगते. पण मागितलंच नाही तर मिळायचा प्रश्नच नाही, आणि 'पहिल्या तारखेला कबूल'वाले ते कधीच मागत नाहीत. त्यांना दुपारच्या आत पुढचं गिऱ्हाईक बघायचं असतं.

रश्मी_विमा (रात्री ९:४८)

विम्याच्या क्लेम विभागात काम करते म्हणून थोडं. चालक नशेत होता असं दिसलं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारायची अट पॉलिसीत असते. रक्त तपासलं नव्हतं म्हणून वाचलो असंही नाही. २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाकी परिस्थिती बघून विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. समोरच्या जखमीला कंपनीला पैसे द्यायला लावलं, तरी नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा मिळू शकते. मालक म्हणजे इथे दाजी.

पेठी_माणूस (रात्री १०:१२)

बरं, मान्य, केस गंभीर आहे. एक शंका. प्यायलोय, पण गाडी चालवली नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून एसी लावून मित्राची वाट बघतोय. तरी पकडतील?

वकीलीणबाई (रात्री १०:३०)

कलमात 'चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना' असे शब्द आहेत. चालकाच्या जागेवर, इंजिन सुरू, हात स्टिअरिंगवर, आणि वर तुम्ही म्हणणार मी फक्त गार हवा खात होतो. पटवून द्या न्यायाधीशांना. मागच्या सीटवर बसा, किल्ली मित्राकडे द्या.

कोथरूडचा_मामा (रात्री ११:०२)

दाजींना फोन केला. एक अक्षर बोलले नाहीत, "उद्या सकाळच्या एसटीने येतो" म्हणाले आणि ठेवला. आरसी घेऊन येतायत. वकीलताई, बुधवारी दुपारी कोर्टात भेटाल का? व्यक्तिगत निरोप केलाय.

वकीलीणबाई (रात्री ११:०८)

दोननंतर या. चिठ्ठीची झेरॉक्स, नोटीस आणि भाचा, तिन्ही आणा. दाजींना चहा पाजून आणा.